गिझर आणि एक निरोप

माझे वडील बॉयलर चालवायचे. हडपसरच्या पुढे, मांजरीच्या वाटेवर कापड रंगवण्याचा एक कारखाना होता. त्याच्या मागच्या शेडमध्ये फर्नेस ऑइल नावाच्या काळ्या, दाट तेलावर तो बॉयलर चालायचा. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा बाबा शाळेत जायच्याही वयाचे नव्हते. दीक्षेनंतर आजोबांनी एकच धोशा लावला, शिक. बाबा सातवीपर्यंत शिकले आणि तिथे घरातलं बळ संपलं. पुढे पुण्यात येऊन, कारखान्यात झाडलोट करता करता त्यांनी बॉयलर चालवण्याची सरकारी परीक्षा दिली आणि दुसऱ्या खेपेला पास झाले. ते प्रमाणपत्र आमच्या दोन खोल्यांच्या घरात काचेच्या चौकटीत लावलेलं असायचं.

बाबांना कशाचा नाद म्हणाल तर जळण वाचवण्याचा. कारखान्याच्या चिमणीतून काळा धूर निघाला की त्यांना स्वतःचा अपमान झाल्यासारखं वाटायचं. मी नववी-दहावीत असताना एकदा डबा द्यायला गेलो, तेव्हा त्यांनी मला शेडबाहेर उभं करून चिमणी दाखवली होती. वर नुसती हवा थरथरत होती, धूर असा नव्हताच.

"काळा धूर म्हंजे काय, सांग," ते म्हणाले.

"प्रदूषण," मी शाळेतलं उत्तर दिलं.

"प्रदूषण नंतर. आधी ते आपलंच तेल हाय. तेल दिलं, पण हवा दिली न्हाई, म्हणून अर्धं जळलं आणि अर्धं गेलं आभाळात. अर्धवट जळलेलं जळण दोनदा वाईट. एकदा वाया जातं, आणि वर त्याचं विष होतं."

घरीही तेच. आमच्याकडे आंघोळीचं पाणी रॉकेलच्या स्टोव्हवर तापायचं. रेशनचं रॉकेल महिनाभर पुरवायचं म्हणजे आईची कसरत. बाबांनी एका रविवारी जुना पत्र्याचा डबा कापून पातेल्याभोवती बसेल असा एक गोल अंगरखा बनवला. पातेलं आणि पत्रा यांच्यामध्ये बोटभर फट. स्टोव्हची आग खालून बाहेर सांडायची ती त्या फटीतून पातेल्याला घासत वर जायला लागली. पाणी निम्म्या वेळात तापलं. आई पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "अहो, हे आधी का नाही सुचलं?" पुढचे कित्येक महिने ती गल्लीतल्या बायकांना बोलावून तो पत्रा दाखवत होती. गल्लीत असे सात-आठ पत्रे बाबांनी कापून दिले.

मला मात्र त्या सगळ्याची लाज वाटायची. इंजिनिअरिंगला गेल्यावर प्रॅक्टिकलला माझ्या शेजारी उभा असलेला एक मुलगा अगदी सहज म्हणाला होता, "तुझ्या शर्टाला रॉकेलचा वास येतो रे." वाईट हेतू नव्हता त्याचा. पण मी त्या दिवसापासून ठरवलं, आपल्या घरात पाणी बटण दाबून तापेल. त्याच सुमारास बाहेरची यंत्रं, बाहेरचं कापड देशात यायला लागलं होतं आणि बाबांचा कारखाना धापा टाकायला लागला होता. मी शेवटच्या वर्षाला असताना तो बंद झाला. कामगारांना स्वेच्छानिवृत्ती दिली. त्यातली स्वेच्छा कुणाची होती ते कुणी विचारलं नाही. बॉयलर कापून भंगारात गेला, तो बघायला बाबा मुद्दाम गेले होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "आत नळ्या अजून चकचकीत होत्या."

मला कॉम्प्युटरची नोकरी लागली. दोन-तीन कंपन्या बदलून मी हिंजवडीला आलो, लग्न झालं, आणि धायरीला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आई-बाबांना तिथे आणलं. घरात पहिल्या दिवशी बुद्धवंदना झाली, सगळ्यांना खीर दिली, आणि मी सगळ्यात आधी पाहुण्यांना काय दाखवलं असेल तर बाथरूममधला गॅस गिझर. नळ सोडला की आपोआप पेटायचा आणि क्षणात वाफाळतं पाणी. आईने हात खाली धरला आणि एकदम मागे घेतला. "बाई गं," ती म्हणाली, "हे तर बसल्या जागी तापतंय."

बाबा गिझरच्या समोर उभं राहून त्याच्या छोट्या खिडकीतून आतली ज्योत बघत होते. मग त्यांनी वर बघितलं. बाथरूमच्या भिंतीत काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी होती, मधून वारा येईल अशी.

"ही हवा बरी हाय," ते म्हणाले. "याला लागंल."

कटकट सुरू झाली ती पुढच्या हिवाळ्यात. शेजारच्या प्लॉटवर नवी इमारत उठत होती. दिवसभर सिमेंटची धूळ त्या पट्ट्यांमधून आत यायची. सकाळी गार वाराही झोंबायचा. मी एका शनिवारी माणूस बोलावून त्या खिडकीवर प्लास्टिकची पारदर्शक काच बसवून घेतली, कडेने पक्की चिकटवून. बाथरूम स्वच्छ राहायला लागलं, ऊबही टिकायला लागली. मला ते फार हुशारीचं काम वाटलं होतं.

बाबांना ते त्याच दिवशी दिसलं. "हे काढ," ते म्हणाले. "आगीला हवा लागती. आंघोळ चालू असताना ती आतलीच हवा खाणार."

"बाबा, त्याला सगळी सेफ्टी असते. कंपनीने विचार केलेला असतो."

"कंपनीला कुठं माहीत हाय तू खिडकी बंद केलीस ते?"

मी विषय बदलला. दोन आठवड्यांनी ते मला हाताला धरून बाथरूममध्ये घेऊन गेले. नळ सोडला. "ज्योत बघ. टोकं पिवळी हायेत. आधी निळी होती. आणि वर हात फिरव." गिझरच्या वरच्या कडेला माझ्या बोटांना काजळी लागली. "गॅस जास्त जातोय आणि ताप कमी मिळतोय. सूनबाईचं डोकं रोज दुखतं. तुझंबी दुखतं. कधी दुखतं ते बघितलंस का? आंघोळीनंतर."

माझं डोकं दुखायचं ते खरं होतं. पण मी दिवसाचे बारा-बारा तास स्क्रीनसमोर आणि तीन तास कंपनीच्या बसमध्ये काढत होतो. डोकं दुखायला मला बाबांच्या ज्योतीची गरज नव्हती, असं मी मनात म्हणालो.

एक दिवस घरी आलो तर ती काच गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलेली. बाबांनी सुरीने कडा कापून काढली होती. माझ्याबरोबर ऑफिसमधले दोन मित्र जेवायला आले होते. मी त्यांच्यासमोरच म्हणालो, "बाबा, तुमचा बॉयलर भंगारात गेला ना? मग माझा गिझर तरी राहू द्या."

मित्र हसले. मीही हसलो. बाबा हसल्यासारखं करून आत गेले. दुसऱ्या दिवशी मी काच परत चिकटवली, आणि त्यानंतर त्यांनी तिला हात लावला नाही.

त्याऐवजी त्यांनी एक वेगळंच सुरू केलं. घरात कुणी आंघोळीला गेलं की ते बाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि दर थोड्या वेळाने दारावर टकटक करायचे. "झालं का रे?" मी वैतागून आतून ओरडायचो, "जिवंत आहे!" माझी बायको आंघोळीला गेली की ते स्वतः बसायचे नाहीत, आईला बसवायचे. आणि आई गेली की स्वतः. आईला गुडघ्यांमुळे वेळ लागायचा, त्यात आठवड्यातून एकदा डोक्यावरून आंघोळ. तेवढा वेळ बाबा पेपर न वाचता, नुसते दाराकडे बघत बसलेले असायचे.

मग डिसेंबरातला तो दिवस. कारखान्यातला त्यांच्या पाळीचा एक जोडीदार मांजरीला राहायचा, तो आदल्या संध्याकाळी वारला होता. बाबांना पहाटेच निघायचं होतं, दोन बसगाड्या बदलून. मी दाढी करत होतो तेव्हा ते चपला घालून माझ्याजवळ आले.

"आज मी न्हाई. आई डोक्यावरून न्हाणार हाय, तिला सांगितलं तरी कडी लावतीच. सूनबाईला सांग, दाराची कडी लावू देऊ नको म्हणावं, आणि मधनंमधनं हाक मार म्हणावं. ती झोपलीय, उठवू नको. उठली की सांग."

"सांगतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"बाबा, सांगतो म्हटलं ना."

माझी बायको शाळेत शिकवायची, तिची शाळा दुपारची. मी निघालो तेव्हा ती उठून चहा करत होती. तिने मला डबा दिला. मला निरोप आठवत होता. हे मी आज स्पष्ट सांगतो, कारण पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला, विसरलो होतो असं सांगत राहिलो. विसरलो नव्हतो. मला वाटलं, आता ही पण बाबांसारखी दारात बसणार, या वेडेपणाला आपण कशाला खतपाणी घालायचं. बस येण्याची वेळ झाली होती. मी डबा घेतला आणि निघालो.

सव्वाअकराला मीटिंगमध्ये फोन आला. बायको नीट बोलतही नव्हती. आई आत गेली होती, कडी लावून. ही स्वयंपाकघरात होती, कुकरच्या आवाजात. पाण्याचा आवाज येतच राहिला, येतच राहिला, तेव्हा तिला शंका आली. हाका मारल्या, दार वाजवलं, मग समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांना बोलावलं. त्यांनी खांद्याने कडी तोडली. आई फरशीवर पडलेली, गिझर अजून जळतच होता.

हिंजवडीहून हॉस्पिटलला पोचायला मला दीड तास लागला. आईला ऑक्सिजन लावला होता. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "गॅस गिझर आहे? खिडकी?" मी खिडकीचं सांगितलं. ते कागदावर लिहीत राहिले. मग म्हणाले, "हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो. त्यातून जो वायू होतो त्याला वास नसतो." अर्धवट जळण्याचं हे मी आधी ऐकलेलं होतं. फक्त ते सांगणारा माणूस सातवी पास होता.

बाबा मांजरीहून थेट आले. जोडीदाराच्या अंत्यसंस्काराहून आल्यामुळे हातांना मातीचा वास होता. त्यांनी काचेतून आईकडे बघितलं. मग माझ्याकडे वळले आणि अगदी हळू विचारलं, "सूनबाईला सांगितलं होतंस ना?"

माझी बायको तेव्हा खाली औषधं आणायला गेली होती.

"हो," मी म्हणालो. "सांगितलं होतं."

त्यांनी मान हलवली आणि बाकावर बसले. घरी गेल्यावर त्यांनी गिझरचा गॅस बंद केला, पान्याने नळी सोडवली आणि ती काच काढून जिन्याखाली नेऊन ठेवली. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी आई घरी आली. बोलत होती, हसत होती. आम्हाला वाटलं, सुटलो. पण तीन आठवड्यांनी ती कणीक मळता मळता थांबली आणि पुढे काय करायचं ते तिला आठवेना. मग चालणं मंदावलं. मग शब्द निसटायला लागले. डॉक्टर म्हणाले, या विषबाधेत असं कधीकधी उशिरा होतं. औषधांनी थोडं भरून आलं, पण सगळं नाही. जिने गल्लीभर बायका जमवून पत्रा दाखवला होता ती आई आता दिवसातून चार-पाच वाक्यं बोलायची, तीही विचारलं तर.

त्यानंतर बाबा आठ वर्षं होते. त्या आठ वर्षांत मला एकच गोष्ट करायची होती आणि मी ती केली नाही. सुरुवातीला मला वाटायचं, आई बरी होऊ दे, मग सांगू. नंतर वाटलं, आता सांगून उगाच कशाला. मी मनाशी बघत असायचो, बाबा माझ्या बायकोशी कसे वागतात. त्यांच्या लेखी तिने निरोप ऐकूनही दुर्लक्ष केलं होतं. पण ते तिच्याशी पूर्वीपेक्षाही मायेने वागायचे. मला वाटायचं, किती मोठं मन. आणि त्या मोठ्या मनाच्या आड मी बिनघोर राहायचो.

सोसायटीने गच्चीवर सोलर बसवला तेव्हा बाबांमध्ये पुन्हा जरा जीव आला. सगळेजण तक्रार करायचे की पहिली बादली गारच येते. बाबा गच्चीवर गेले, पाइपाला हात लावत लावत फिरले आणि म्हणाले, "पाणी तापतंय चांगलं. वाटेतच थंड होतंय. पाइप उघडा हाय." एका रविवारी त्यांनी काचलोकर, म्हणजे ऊब धरून ठेवणारा काचेच्या धाग्यांचा कापूस, आणि चकचकीत पट्टी आणली आणि पाइप गुंडाळायला घेतला. मला म्हणाले, "चल, ते टोक धर."

मी टोक धरलं. सिंहगडाच्या बाजूला आभाळ स्वच्छ होतं. बाबा पट्टी ओढत, दाबत पुढे सरकत होते. अर्धा पाइप झाल्यावर ते थांबले, कंबर सरळ केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला काही सांगायचं हाय का मला?"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलबी."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. परदेशातला क्लायंट होता, रविवार असूनही. "एक मिनिट हं, बाबा," असं म्हणून मी पाण्याच्या टाकीच्या पलीकडे गेलो. बोलणं पाऊण तास चाललं. परत आलो तेव्हा ते एकटेच गुडघ्याने टोक दाबून धरत शेवटची पट्टी गुंडाळत होते. काम झालं होतं. आम्ही खाली आलो, जेवलो.

त्यानंतरच्या वर्षी ते गेले. हृदयाचा झटका, दुपारी, खुर्चीत. पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेला कारखान्यातले सहा-सात म्हातारे मांजरी-हडपसरहून आले होते. एकाने सांगितलं, "तुझा बाप पाळीवर असताना आमची चिमणी कधी काळी बघितली न्हाई." मी हात जोडले.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मी बायकोला सगळं सांगितलं. निरोप होता, मी दिला नाही, आणि बाबांपुढे दोष तुझ्यावर ढकलला. आम्ही स्वयंपाकघरात होतो, ती मेथी निवडत होती. मला वाटलं ती चिडेल, रडेल, निदान हातातलं काम टाकेल.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बाबांनी मला दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं, हॉस्पिटलच्या जिन्यात. म्हणाले, सूनबाई, सकाळी माझा निरोप मिळाला होता का? मी म्हटलं, कसला निरोप? मग म्हणाले, काही नाही, त्याला यातलं काही बोलू नको, तो सांगेल आपणहून."

म्हणजे आठ वर्षं. आठ वर्षं त्यांना माहीत होतं की मी खोटं बोललो, आणि त्यांनी एकदाही तसं दिसू दिलं नव्हतं. तिच्यावरची जास्तीची माया ही क्षमा नव्हती, भरपाई होती, माझ्या वतीने केलेली. मी ज्याला मोठं मन समजत होतो ते माझ्यासाठी ताटकळणं होतं.

"मग तू का नाही बोललीस?" मी विचारलं.

"त्यांनी नको म्हटलं होतं. आणि नंतर मीही वाट बघितली. पहिली दोन वर्षं फार राग होता मला. आपण दोन महिने नीट बोलत नव्हतो, आठवतं? तुला वाटलं होतं, शाळेतल्या कामाचा ताण आहे." तिने काड्या बाजूला सारल्या. "मग राग गेला. वाट बघायची सवय मात्र राहिली."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "पण हे मला सांगून तुझं काय मोकळं होणार? ज्यांना सांगायचं होतं ते समोर होते तेव्हा तुला फोन यायचे."

त्यात टोमणा होता, पण आवाज शांत होता. ती भाजी घेऊन उठली, नळाखाली धुवायला लागली. मला म्हणायचं होतं की त्या दिवशी गच्चीवर मी सांगणारच होतो. पण ते खरं होतं की नाही याची मलाच खात्री नाही, आणि एक खोटं पुरे होतं.

आई आतल्या खोलीत खिडकीपाशी बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि तिलाही सांगितलं, अगदी पहिल्यापासून, तिला समजेल अशा सावकाश शब्दांत. तिने माझ्या तोंडाकडे बघत सगळं ऐकलं. तिला किती कळलं ते मला कळलं नाही. संपल्यावर तिने माझा हात घेतला, थोडा वेळ धरला, आणि मग विचारलं, "जेवलास का?"

"नाही अजून," मी म्हणालो.